भाताची संजीवके : बाटलीतली आणि बियाण्यातली

(भात उत्पादक शेतकऱ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मृग नक्षत्र जवळ आले की कृषी सेवा केंद्रांत बियाण्याच्या पिशव्यांशेजारी रंगीत बाटल्यांची रांग लागते. फुटवे वाढतील, लोंबी भरेल, पळंज राहणार नाही, अशी आश्वासने त्यांवर छापलेली असतात. या द्रव्यांना मराठीत ‘संजीवके’ म्हणतात. शब्द मोठा मोहक आहे. तो कानी पडताच द्रोणागिरीवरील संजीवनी आठवते. परंतु संजीवक म्हणजे संजीवनी नव्हे, आणि खतही नव्हे. खत हे पिकाचे अन्न असते. संजीवक हा पिकाला दिलेला निरोप असतो. उंच हो, थांब, फूट, पिकून जा, असे निरोप वनस्पती आपल्याच देहात निर्माण करते, आणि तेही अत्यल्प प्रमाणात. ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, ॲब्सिसिक आम्ल आणि इथिलीन हे त्यांतील पाच प्रमुख निरोपे. निरोप चुकीच्या वेळी पोहोचला, तर त्याने कार्य बिघडते.

या विद्येचा एक महत्त्वाचा धागा भाताच्या खाचरातच सापडला. जपानी शेतकरी एका रोगाला ‘खुळे रोप’ म्हणत. रोप शेजाऱ्यांपेक्षा भराभर उंच होई, फिके पडे आणि दाणा न धरताच मरे. १९२६ साली तैवानात काम करणाऱ्या एइइची कुरोसावा यांनी दाखवून दिले की, रोगाच्या बुरशीने सोडलेले द्रव्यच हा खुळेपणा घडवते. तेइजिरो याबुता यांनी १९३५ मध्ये त्याला जिबरेलिन हे नाव दिले. आज बाटलीत मिळणारे जिबरेलिन मुळात एका रोगाचे कारण म्हणून जगाला ठाऊक झाले, हे विसरता कामा नये.

पुढचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. १९६६ साली फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ‘आयआर ८’ हा बुटका वाण प्रसारित केला. त्याचा बुटकेपणा तैवानच्या ‘डी-जिओ-वू-जेन’ या वाणाकडून आला होता. भारतात १९६८ मध्ये आलेल्या ‘जया’ या वाणातही तोच गुण उतरला. ताट आखूड असल्याने खताची मात्रा वाढली तरी पीक लोळत नसे. या बुटकेपणाचे मूळ मात्र २००२ साली उलगडले. जिबरेलिन तयार करणारा एक जनुक त्यात दुबळा पडलेला होता. म्हणजे ज्याला हरित क्रांती म्हटले जाते, ती भातापुरती संजीवक कमी करून साधली होती!

मग बाटलीतल्या जिबरेलिनला शेतात काही स्थान आहे का? निश्चित आहे. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने १९९८ साली ‘सह्याद्री’ हा संकरित वाण दिला. अशा संकरित बियाण्याच्या निर्मितीत मादी ओळीची लोंबी पोटरीत अडकून राहते, पूर्ण निसवत नाही, आणि परागकण तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. त्या वेळी हेक्टरी साधारण ४५ ते ६० ग्रॅम जिबरेलिन, लोंब्या नुकत्याच डोकावू लागल्या असता, दोन हप्त्यांत फवारतात. लोंबी बाहेर येते आणि बी धरते. हेतू, मात्रा आणि वेळ या तिन्ही गोष्टी येथे निश्चित आहेत.

तेच द्रव्य शेजाऱ्याने मारले म्हणून कोणी खाण्याच्या भातावर मारले, तर काय होईल? ताट उंच व लुसलुशीत होईल. पीक हिरवेगार दिसेल, धनी सुखावेल. आणि परतीच्या पावसाची एक जोरदार सर आली की खाचर आडवे होईल. नत्र कमी पडले असेल, पाणी साचले असेल किंवा खोडकिडा लागला असेल, तर कोणताही निरोप दाणा भरू शकत नाही.

याहून विचार करावा अशी कथा ओडिशाची आहे. भात पाण्याखाली बुडाला की त्याच्या देहात इथिलीन साचते, जिबरेलिन जागे होते आणि रोप श्वासासाठी उंच धावते. या धावपळीत साठवलेले अन्न संपते व पूर ओसरताच रोप कोसळते. ओडिशातील देशी भातातून निवडलेला ‘एफआर १३ ए’ हा वाण मात्र धावत नाही. तो निश्चल राहतो, शक्ती राखतो आणि सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरतो. ही धाव आवरणारा ‘सब-१ ए’ हा जनुक २००६ साली ओळखला गेला. परजनुक न घालता, संकर व निवड करून तो आंध्रच्या लोकप्रिय ‘स्वर्णा’ वाणात आणला गेला आणि २००९ मध्ये ‘स्वर्णा सब-१’ भारतीय शेतकऱ्याच्या हाती आला. संजीवकांवरील हा संयम प्रयोगशाळेला ज्ञात होण्यापूर्वीच ओडिशाच्या शेतकऱ्याने बियाण्यात जपून ठेवला होता.

कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे एकेकाळचे संचालक डॉ. आर. एच. रिछारिया हेच आयुष्यभर सांगत राहिले. छत्तीसगडच्या गावागावांतून त्यांनी हजारो देशी वाण गोळा केले. २००२ साली तो संग्रह सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीला उपलब्ध करून देण्याची बोलणी रायपूरच्या कृषी विद्यापीठात चालली होती. जनक्षोभामुळे ती बारगळली. परक्यांना ज्या ठेव्याचे मोल कळते, तो आपल्या कणगीतून नाहीसा व्हावा, याहून मोठी हानी कोणती?

म्हणून विज्ञानाशी वैर नको, पण डोळे झाकून विश्वासही नको. वनस्पती संजीवके १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. त्यांच्या वेष्टनावर नोंदणी क्रमांक असावाच लागतो. जैव उत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत. बाटलीत कोणते द्रव्य आहे, किती आहे, भाताच्या कोणत्या अवस्थेसाठी आहे आणि विद्यापीठाची तशी शिफारस आहे काय, हे शेतकऱ्याने विचारावे आणि पक्की पावती घ्यावी. उत्तर मिळाले नाही, तर पैसा खिशात राहू द्यावा. आणि घरात आजोबांच्या वेळचा एखादा गरवा वा हळवा वाण शिल्लक असेल, तर त्याच्यासाठी दरवर्षी एक वाफा राखावा. पुढच्या संकटाचे उत्तर कदाचित त्याच वाफ्यात असेल.