एकटीचा संघ



16 जुलै 1932. शिकागोजवळच्या एव्हॅन्स्टन गावी अमेरिकेतल्या महिलांची राष्ट्रीय मैदानी स्पर्धा भरली होती. लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी मुली निवडायच्या त्याही इथूनच. नाव पुकारलं की एकेक संघ मैदानात येत होता. डॅलसच्या एका विमा कंपनीचं नाव पुकारलं, आणि हात उंचावत धावत आली एकच मुलगी. बेब डिड्रिकसन, वय वर्षं 21.

ती कंपनीत टायपिस्ट होती. म्हणजे कागदोपत्री! खरं तर तिला आणलं होतं कंपनीच्या बास्केटबॉल संघासाठी. त्या काळी मुलींच्या खेळाचा खर्च असल्या कंपन्या नाहीतर क्लब उचलत, आणि कंपनीची आयतीच जाहिरात होई.

बेब आठ प्रकारांत उतरली. एक संपला की धापा टाकतच दुसऱ्याकडे. गोळाफेक, भालाफेक, लांब उडी, 80 मीटर अडथळे, सगळ्यांत पहिली. बेसबॉल तर तिने 272 फूट फेकला; क्रिकेटच्या मोठ्या मैदानात सीमारेषेवरून थेट यष्टिरक्षकाच्या हातात पडावा, इतका. उंच उडीत जीन शायलीने तिला गाठलं, पहिला क्रमांक दोघींत वाटला गेला. थाळीफेकीत चौथी. गुणांची बेरीज झाली 30, आणि सांघिक विजेतेपद या एकटीच्या संघाला! दुसऱ्या आलेल्या इलिनॉयच्या क्लबकडे 22 मुली होत्या आणि गुणही 22.

ऑलिंपिकमध्ये मात्र एकीला तीनच वैयक्तिक प्रकारांची मुभा होती. बेबने भाल्यात आणि अडथळ्यांत सुवर्ण मिळवलं. उंच उडीत पुन्हा शायलीशी बरोबरी झाली. पण बेबचं डोकं शरीराच्या आधी दांडीपलीकडे जातं, हे पंचांना नियमबाह्य वाटलं. तिला रौप्य मिळालं. दिवसभर तशाच उड्या मारत होती, तेव्हा कुणी हरकत घेतली नव्हती, हे विशेष.

बेबची ही कहाणी वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतली, आणि ते रास्तच. पण त्याच मैदानावरून रिले संघासाठी लुईस स्टोक्स आणि टायडी पिकेट या दोन कृष्णवर्णीय मुलीही निवडल्या गेल्या होत्या. त्या लॉस एंजेलिसला पोचल्या, सराव केला. धावायला उतरल्या त्या चारही गोऱ्या मुली. त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. या दोघी प्रेक्षकांत बसल्या. पिकेटला ऑलिंपिकची धावपट्टी मिळाली ती चार वर्षांनी, बर्लिनला, 80 मीटर अडथळ्यांत. उपांत्य फेरीत पाय अडथळ्यावर आपटला, आणि शर्यत तिथेच संपली.