सप्तपदीनंतरचे आठवे पाऊल



मांडव उतरला, वऱ्हाड परतले, की लग्न पार पडले असे समाज मानतो. वधूच्या गळ्यात मंगळसूत्र असते, घरात लग्नपत्रिका असते. पण तिच्या विवाहाची साक्ष देणारा सरकारी कागद बहुधा नसतो.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार, जेथे सप्तपदीची रूढी आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. नोंदणीअभावी तो अवैध ठरत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस आधी आणि विवाह नंतर. धार्मिक विधीने झालेल्या लग्नात मात्र कागदाचे काम अक्षता पडल्यानंतर सुरू होते. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे नव्वद दिवसांत विवाहाचे ज्ञापन निबंधकापुढे सादर करावयाचे असते. त्यावर वधूवरांच्या, तीन साक्षीदारांच्या आणि पुरोहिताच्या सह्या लागतात. वयाचे व निवासाचे पुरावे जोडावे लागतात. तपासणीनंतर नोंदवहीत नोंद होते आणि दांपत्याला प्रमाणपत्र मिळते. १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे आदेश राज्यांना दिले.

मग नोंदी राहतात कशा? रोजंदारीवर राबणाऱ्या जोडप्याला कचेरीच्या प्रत्येक हेलपाट्यामागे एक रोज गमवावा लागतो. जेथे वधू अठरा वर्षांची नसते, तेथे तर वयाचा पुरावाच नको असतो. म्हणून नोंदणीची वाट जाणूनबुजून टाळली जाते.

याची किंमत स्त्री मोजते. टाकून दिलेली पत्नी पोटगी मागू लागते, तेव्हा 'लग्न झालेच नाही' असा बचाव उभा राहतो. नवरा दुसरे लग्न करतो, तेव्हा पहिले सिद्ध करण्याचा भार तिच्याच माथी येतो. विधवेला निवृत्तिवेतनासाठी साक्षीदार शोधत हिंडावे लागते. तोवर कोणी गाव सोडलेले असते, कोणी हयात नसते.

प्रमाणपत्राने संसार सुखाचा होत नाही, हे खरे. विधी झालाच नसेल तर केवळ प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले आहे. परंतु झालेला विवाह नाकारणाऱ्यापुढे तो कागद भक्कम पुरावा ठरतो.

म्हणून कार्यकर्त्याने अक्षता टाकून परतू नये. तीन साक्षीदार मांडवातच निश्चित करावेत, पुरावे गोळा करावेत, जोडप्यासोबत कचेरीत जावे आणि प्रमाणपत्राची एक प्रत वधूच्या हाती पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. समतेची भाषा बोलणाऱ्यांचे हे किमान कर्तव्य आहे.