जात्याच्या ठेक्यावर इंग्रजी

(मारुंजी, ता. मुळशी येथे बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



तुमच्या गटाच्या ताईंनी मला विषय दिला, 'इंग्रजी बोलायची भीती कशी घालवावी'. भीतीबद्दल मी काय सांगणार? माझीही अजून पुरती गेलेली नाही. मी उच्चारांबद्दल बोलते, कारण आपले तोंड बंद होते ते बहुतेक तिथेच. व्याकरण चुकले तर समोरचा सांभाळून घेतो, उच्चार चुकला की हसतो.

मी मराठी शाळेत शिकले. एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षी वर्गात निबंध वाचताना मी 'डिटरमाइन' म्हणाले. हा शब्द 'डिटर्मिन' असा म्हणतात. मला त्याचा अर्थ ठाऊक होता, तो माझ्या निबंधात दहादा आला होता. फक्त तो कधी कानावर पडला नव्हता. वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. ज्या घरांत इंग्रजी बोलले जाते तिथल्या मुली शब्द कानाने शिकतात, आपण डोळ्यांनी शिकतो. चूक होते ती त्यामुळे, बुद्धी कमी म्हणून नव्हे.

आणि हे हसणे आपल्याला नवे आहे का? 'पाणी'ला 'पानी' म्हटले म्हणून आपल्याच भाषेत किती जणींना गप्प केले गेले! कोणाचे बोलणे शुद्ध हे ठरवणारे कोण, हा प्रश्न इंग्रजीच्या कितीतरी आधीचा आहे.

तुमच्या गावाला लागूनच हिंजवडीचे आयटी पार्क आहे. इथल्या बायका तिथे साफसफाईला, कँटीनला जातात. आपल्या वर्गातल्या एका वहिनींना रिसेप्शनवर काम हवे होते. बारावी झालेल्या, हिशेबाला पक्क्या. 'ॲक्सेंट नाही' म्हणून नकार मिळाला. ॲक्सेंट प्रत्येकीलाच असतो हो! लंडनच्या माणसालाही असतो. नसतो तो फक्त मान्य झालेला. तेव्हा परदेशी सूर उसना आणायचा नाही, समोरच्याला पहिल्या खेपेला कळेल इतके स्पष्ट बोलायचे, एवढेच आपण वर्गात ठरवले.

आता यातली मेख सांगते. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर देतात आणि बाकीची गिळतात. 'सर्टिफिकेट' आपण सपाट म्हणतो. इंग्रजीत जोर 'टि'वर आणि शेवटचे 'केट' जवळजवळ 'कट' होते. 'कमिटी'त जोर 'मि'वर, 'हॉस्पिटल'मध्ये पहिल्याच अक्षरावर. वाक्याचेही तसेच. 'आय वॉन्ट टु टॉक टु द मॅनेजर' यात ठोके तीन: वॉन्ट, टॉक, मॅन. मधले 'टु', 'टु द' घाईने उरकायचे. आपण सगळे शब्द सारख्या वजनाने म्हणतो, म्हणून ऐकणाऱ्याला महत्त्वाचा शब्द सापडत नाही.

हे समजावताना माझी दमछाक झाली. शेवटी वर्गातल्या एक आजी म्हणाल्या, 'अगं, हे तर जात्यावरचं झालं.' खरेच होते ते. ओवीत कधी अक्षरे जास्त, कधी कमी; पण जात्याचा फेरा काही थांबत नाही. म्हणणारी बाई जादाची अक्षरे भराभर म्हणते, कमी असतील तिथे सूर लांबवते. याच मुळशी तालुक्यात १९८० च्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी बायकांच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, आणि पुढे त्या संग्रहात लाखाहून अधिक ओव्या जमल्या. ज्या तालुक्याने एवढे दिले तिथल्या बायकांना ठेका शिकवायला मी कोण! तेव्हापासून आम्ही मूठ धरून हात फिरवतो आणि फेऱ्यागणिक एक ठोका धरून वाक्य म्हणतो. हसू येते, पण जमते.

सुट्या आवाजांवर मी फार वेळ घालवत नाही. दोन-तीनच बघा. 'झू' म्हणताना 'झाडा'चा झ नको. 'स्स्स' म्हणता म्हणता घशाला कंप द्या, तो आवाज येतो. 'व्हॅन'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, 'वन'ला ओठ गोल होतात. आणि आपल्या चळवळीतलाच शब्द घ्या. एक बाई 'वुमन', अनेक बाया 'विमिन'. लिहिताना शेवटचे अक्षर बदलते, बोलताना पहिले ठळक बदलते. आम्ही कित्येक वर्षे फलकावर तो लिहिला आणि सभांमधून चुकीचा म्हटला. मोर्चे काही अडले नाहीत.

सरावासाठी मोबाईल पुरे. बातम्यांतले एकच वाक्य ऐका, बोलणारीच्या मागोमाग तिच्याच वेगाने म्हणा, स्वतःचे रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवत नाही, माझेही तेच झाले. रोज दहा मिनिटे, भाकरी झाल्यावर.

सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायचे म्हणून. ऐकू कमी येत असल्याने ते राहिले. तरी पुढे त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि अमेरिकेत जागोजागी भाषणे दिली. कान साथ देत नसताना परक्या भाषेत भरल्या सभेपुढे उभे राहायचे म्हणजे काय, याचा मी पुष्कळदा विचार करते.

त्या वहिनींना रिसेप्शनचे काम अजून मिळालेले नाही. पण मागच्या महिन्यात त्या मुलाच्या शाळेत फीची चौकशी करायला गेल्या. खिडकीतल्या बाईंना पहिल्यांदा कळले नाही, त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. एरवी वहिनी मागे फिरल्या असत्या किंवा नवऱ्याला पुढे केले असते. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटले, जरा सावकाश, ठोके धरून, आवाज न उतरवता. सांगताना त्यांचा उजवा हात मांडीवर गोल फिरत होता.