चिलकूरचा बालाजी

हैदराबादहून जेमतेम तासाभरावर, उस्मानसागर तलावाच्या काठी चिलकूर गाव आहे. तिथलं बालाजीचं देऊळ अक्कण्णा-मादण्णांच्या काळातलं मानतात. हो, १६७७ साली शिवाजी महाराज गोवळकोंड्याला आले, तेव्हा कुतुबशाहीचा कारभार पाहणारे तेच मादण्णा! देवळात दानपेटी नाही, व्हीआयपी दर्शनही नाही. नवस बोलताना ११ प्रदक्षिणा, तो फळला की १०८. मोजणी चुकू नये म्हणून भाविक आकडे छापलेल्या कागदावर पेनाने एकेक घर खोडत झपाझप चालतात. परदेशी जाऊ पाहणारी तरुण मंडळी इतकी येतात, की लोक याला ‘व्हिसा बालाजी’च म्हणतात. जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा. त्या गर्दीत प्रदक्षिणा कसली, नुसती रेटारेटी. मधल्या वारी सकाळी लवकर निघालेलं बरं.