टर्बोचार्जरची जागा
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात तरुण कारागीर व अभियंते यांच्यापुढे केलेले भाषण)



ज्ञातीच्या व्यासपीठावरून शिष्यवृत्ती, वसतिगृह अथवा विवाहविषयक सुधारणा यांवर बोलण्याचा प्रघात आहे. तो बाजूस ठेवून मोटारीच्या इंजिनाविषयी बोलावे, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु आपल्या घराघरांतील मुले आज गॅरेज चालवीत आहेत, तंत्रनिकेतनांत शिकत आहेत आणि शर्यतीसाठी स्वतःच्या हातांनी गाड्या बांधीत आहेत. त्यांची पुंजी, त्यांचे कसब आणि प्रसंगी त्यांचा जीव ज्या प्रश्नात गुंतलेला आहे, तो प्रश्न ज्ञातीचाच होय. तो प्रश्न असा : गाडीस टर्बोचार्जर जोडावयाचा ठरला, तर तो कोठे बसवावा?

ज्यांचा या यंत्राशी परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात पुष्कळ शक्ती शिल्लक असते. ती वाया न घालविता तिच्यावर एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, आणि त्याच आकाराच्या इंजिनाकडून अधिक काम घ्यावे, ही मूळ कल्पना. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. प्रवासी मोटारीत ती १९६२ साली अमेरिकेत, ओल्डस्मोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाड्यांतून अवतरली. आज लहान मोटारींतही हे यंत्र सर्रास आढळते. मात्र कारखान्याने जन्मतःच टर्बो दिलेली गाडी वेगळी आणि आपण मागाहून टर्बो जोडलेली गाडी वेगळी. पहिलीत जागेचा विचार नकाशावर झालेला असतो. दुसरीत तो आपणांस करावा लागतो.

बहुतेक तरुण तो कसा करतात? बॉनेट उघडतात, मोकळी पोकळी शोधतात आणि तेथे टर्बो टांगतात. आमचे म्हणणे असे की, पोकळी हा या प्रकरणातील शेवटचा साक्षीदार आहे, पहिला नव्हे. तिच्या आधी चौघांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे : धूर, तेल, हवा आणि उष्णता.

धुराचे म्हणणे सोपे आहे. पेट्रोल इंजिनाचा धूर भर जोरात ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. तोच वाटेत थंड होऊन ५०० अंशांवर आला, तर दाब तितकाच राहूनही त्याचे आकारमान सुमारे दोनतृतीयांश होते. म्हणजे चक्र फिरविणारा प्रवाहच आटतो. यास्तव टर्बो सिलिंडर-हेडच्या जितका निकट, तितका तो चपळ. चार सिलिंडरांच्या ज्या इंजिनात प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२ असा असतो, तेथे १ व ४ यांच्या नळ्या एकत्र आणि २ व ३ यांच्या एकत्र आणून दोन वाटांच्या टर्बोस जोडल्यास एका सिलिंडराचा धक्का दुसऱ्याच्या आड येत नाही. परंतु एवढ्या नळ्या वळवावयास जागा लागते, हेही ध्यानी असू द्यावे.

तेलाचे म्हणणे मात्र तरुण मंडळी ऐकतच नाहीत, आणि बहुतेक टर्बो येथेच मरतात. टर्बोचा दांडा मिनिटास लाख ते दोन लाख फेरे घेतो आणि तो तेलाच्या पातळ पापुद्र्यावर तरंगत असतो. तेल आत जाते इंजिनाच्या पंपाच्या दाबाने. परंतु बाहेर येते केवळ स्वतःच्या वजनाने, तेही फेसाळलेल्या स्थितीत. म्हणून परतीची नळी रुंद असावी, शक्यतो ओळंब्यात उतरावी, वाटेत कोठेही वर चढू नये, आणि ज्यास गॅरेजात चेंबर म्हणतात त्या तेलाच्या भांड्यात तेलाच्या पातळीच्या वर उघडावी. टर्बो त्या पातळीखाली बसविला की तेल तुंबते, सील ओलांडून धुरात उतरते आणि गाडी निळा धूर ओकू लागते. मग दोष मिस्त्री टर्बोला देतो. वस्तुतः दोष उंचीचा असतो. पोर्शच्या अभियंत्यांनी १९७४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ९११ टर्बो मांडली, तेव्हा टर्बो खाली असल्यामुळे त्यातील तेल ओढून घेण्यास स्वतंत्र पंप दिला होता. खाली बसविणे अशक्य नाही. परंतु त्याची किंमत मोजावी लागते.

हवेच्या बाबतीत एक गैरसमज दूर केला पाहिजे. नळी लांब झाली की टर्बो आळशी होतो, असे सर्वत्र म्हटले जाते. जरा गणित करू. ६० मिलिमीटर व्यासाची ४ मीटर नळी घेतली तर तिच्यात सुमारे ११ लिटर हवा मावते. तिचा दाब वातावरणाच्या १.७ पट करावयास सुमारे ८ लिटर जादा हवा पुरे. दीड लिटरचे इंजिन ३००० फेऱ्यांना सेकंदाला ३७ लिटरांच्या आसपास हवा ओढते. त्या प्रवाहाच्या मानाने ८ लिटर म्हणजे पावसेकंदाहूनही कमी. सारांश, थंड हवेची नळी थोडी लांबली तरी फारसे बिघडत नाही. उष्ण धुराची नळी लांबली तर बिघडते. म्हणून दोहोंपैकी एकीस लांबवावयाचे झाल्यास हवेच्या नळीस लांबवावे. त्याच हवेस थंड करणेही अगत्याचे आहे. वैशाखातील ४० अंशांची हवा दुप्पट दाबली की मध्यम प्रतीच्या कॉम्प्रेसरातून ती १३० अंशांच्या घरात बाहेर पडते. इंटरकूलरला समोरचा वारा मिळेल, अशी जागा आधी राखून ठेवावी.

आता उष्णता. टर्बोचे धुराकडील कवच तापून लाल होते. त्यावर तेलाचा, पेट्रोलचा वा ब्रेकच्या द्रवाचा शिडकावा झाला तर ठिणगीची गरज उरत नाही. म्हणून ब्रेकचा मास्टर सिलिंडर, पेट्रोलची नळी, बॅटरी व तारांची जुडी यांच्या शेजारी टर्बो बसवू नये. जागाच नसेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा हवेची फट ठेवून उभा करावा. तापलेला धातू वाढतोही. अर्धा मीटर लांबीची स्टेनलेस पोलादाची नळी ७०० अंशांनी तापली की जवळजवळ ६ मिलिमीटरने लांबते. तिला दोन्ही टोकांस जखडले तर वेल्डिंग तडकणारच. यंत्राचा भार कंसाने इंजिनावर घ्यावा आणि सायलेन्सरकडील नळीस लवचीक सांधा द्यावा.

हे चारही दावे ऐकल्यावर जागांचा निवाडा करणे अवघड नाही. हेडच्या बाजूस उंचावर टर्बो ठेवला तर धूर व तेल दोघेही संतुष्ट. बॉनेटाखालील उष्णता मात्र सोसावी लागते. मॅनिफोल्डच्या खाली ठेवला तर बॉनेट वाचते, पण तेल कुरकुरते आणि रस्त्यावरचे पाणी उडते. आडव्या इंजिनात धुराची तोंडे पुढे असतील तर टर्बोला वारा मिळतो, पण रेडिएटरशी दाटी होते; तोंडे मागे असतील तर टर्बो पत्र्याच्या भिंतीशी कोंडला जाऊन उष्णता प्रवाशांच्या पायांशी येते. व्ही आकाराच्या इंजिनात दोन रांगांच्या मधल्या दरीत टर्बो बसविण्याची युक्ती बीएमडब्ल्यूने २००८ साली आपल्या आठ सिलिंडरी इंजिनात आणली. त्यासाठी धुराची तोंडे आत व हवेची तोंडे बाहेर वळवावी लागली. हेड बदलण्याचे सामर्थ्य नसलेल्या कारागिराने तिचे अनुकरण करू नये.

उरली गाडीच्या मागील भागी, सायलेन्सरच्या जागी टर्बो बसविण्याची तऱ्हा. अमेरिकेत मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना ती कित्येकांनी लावली आहे, आणि बॉनेटाखाली तसूभरही जागा नसेल तर ती अगदीच त्याज्य नव्हे. परंतु धूर थंड होतो म्हणून लहान कवच घ्यावे लागते, तेल परत आणण्यास विजेचा पंप लागतो, आणि तो पंप थांबला की टर्बो तुंबतो. शिवाय आपल्याकडचा पावसाळा विसरून चालणार नाही. चाकाइतक्या पाण्यात उतरलेल्या गाडीचे मागचे तापलेले कवच तडकू शकते, आणि खाली लावलेल्या फिल्टरमधून पाणी सिलिंडरात शिरले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. कोरड्या प्रदेशातील युक्ती कोकणात जशीच्या तशी चालेल, असे समजू नये.

यातून एक कार्यपद्धती निष्पन्न होते. टर्बो विकत घेण्यापूर्वी त्याच्या मापाचा लाकडाचा किंवा पुठ्ठ्याचा नमुना करावा व तो बॉनेटाखाली दोरीने बांधून पाहावा. प्रथम तेलाच्या परतीची नळी आखावी, मग धुराची, मग हवेची. इंजिन आपल्या रबरी आधारांवर हलते, तेव्हा सर्व बाजूंस बोटभर मोकळीक ठेवावी. शेवटी स्वतःस विचारावे की, नट सैल झाला तर पाना तेथे पोहोचेल काय? जो सांधा दिसत नाही तो तपासला जात नाही, आणि जो तपासला जात नाही तोच रात्री रस्त्यावर दगा देतो.

कायद्याविषयीही स्पष्ट बोलणे आमचे कर्तव्य आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये असे ठरविले की, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल नोंदणीकृत गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलास दर बदलामागे पाच हजार रुपये दंडाची आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद झाली. तेव्हा आमचे विवेचन बंद धावपट्टीवरील गाड्यांपुरते समजावे. बापाच्या निवृत्तिवेतनातून घेतलेली गाडी अशी बदलून हमरस्त्यावर आणणे यात शौर्य नाही. अपघात झाल्यास विमा कंपनीच्या हाती नकाराचे कारण मात्र आपण होऊन देतो.

तरुण बंधूंनो, तुमच्या उत्साहास आळा घालण्याकरिता आम्ही येथे उभे राहिलो नाही. उलट, शर्यतीच्या मैदानावर तुमची गाडी पुढे यावी, अशीच आमची इच्छा आहे. पण तिच्यात बसणारा कोणी तरी आईचा मुलगा असतो, आणि बहुधा तो तुमचा स्नेही असतो. तुम्ही निवडलेल्या जागेवर त्याने विश्वास टाकलेला असतो. जोर किती वाढला हे सारे विचारतील. तेल कोठून उतरते हे विचारणारा तुमच्याशिवाय कोणी नसेल. तो प्रश्न विचारण्याची सवय ज्या हातांना लागली, त्या हातांस काम कमी पडणार नाही.