रेडकाचा बिल्ला, वजन आणि लस
(वर्सोवा परिसरातील पशुपालकांसाठी भाषण)



मुंबईच्या उपनगरांतील तबेल्यांत दुधाचा हिशेब रोज होतो. रेडकाचा मात्र कोणी मांडत नाही. राज्यात 2015 पासून गाय, बैल व वळू यांच्या कत्तलीस बंदी आहे. त्यामुळे मांसासाठी वाढवायचे जनावर म्हणजे रेडाच. पण नोंद नसेल तर तो विकताना अडतो. यासाठी तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, बिल्ला. कानात 12 अंकी बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीस राज्यात 1 जून 2024 पासून मनाई आहे. बिल्ला गळून पडल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यातून नवा मारून घ्यावा.

दुसरी, वजन. काटा नसेल तर सकाळी चाऱ्यापूर्वी फितीने मापे घ्यावीत. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले खांद्यापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, सर्व इंचांत. त्यास 660 ने भागले की किलो मिळतात. घेर 50 व लांबी 44 असल्यास वजन सुमारे 167 किलो. जंताच्या औषधाची मात्रा याच आकड्यावर ठरते. अंदाजाने कमी दिलेले औषध वाया जाते.

तिसरी, लस. लाळ-खुरकूत लस चार महिन्यांच्या वयात, महिन्याने पुन्हा, पुढे दर सहा महिन्यांनी. पारड्यांना सांसर्गिक गर्भपाताची लस 4 ते 8 महिन्यांच्या वयात एकदाच.

बिल्ल्याचा क्रमांक, तारीख, वजन व लस त्याच दिवशी वहीत एका ओळीत लिहावी. भाव ठरवताना तोंडच्या शब्दापेक्षा ही ओळ तुमच्या बाजूने बोलेल.