रोवणीचे दिवस, पाळी आणि टॅम्पॉन

प्रतापगडच्या आम्ही सगळ्याजणी तुमच्याशी बोलतो आहोत. आजचा विषय चारचौघांत काढायला आपण लाजतो. पण रोवणीच्या दिवसांत तो प्रत्येकीला छळतो, म्हणून आज मोकळेपणी बोलू.

रोवणीत आपण सकाळी बांधीत उतरतो ते संध्याकाळीच बाहेर निघतो. पोटरीभर चिखलपाणी, वरून पाऊस, पाठ दिवसभर वाकलेली. त्यात पाळी आली की घडी भिजते, सरकते आणि मांड्या सोलवटतात. पॅड असले तरी पावसात तेही फुगते. बदलायला आडोसा नाही. मग आपण पाणीच कमी पितो, म्हणजे लघवीला जायला नको, आणि दोन दिवसांनी लघवीला जळजळ सुरू होते.

परवा आमच्या गटाच्या बैठकीत शहरात शिकणाऱ्या एका मुलीने टॅम्पॉनचे पाकीट आणले. तिच्या आईनेच पहिल्यांदा विचारले, "हे आत जाऊन हरवलं तर?" म्हटले, हाच प्रश्न रेडिओवर घेऊ.

टॅम्पॉन म्हणजे दाबून बसवलेल्या कापसाची बोटाएवढी गुंडाळी. तिला मागे दोरा असतो. ती योनीमार्गात आत ठेवायची, रक्त तिथेच शोषले जाते आणि दोरा बाहेर राहतो. आत ती हरवत नाही. योनीमार्गाच्या टोकाला गर्भाशयाचे तोंड असते आणि त्याचे छिद्र इतके बारीक असते की गुंडाळी त्यातून जाऊच शकत नाही. लघवीची वाट वेगळी आहे, त्यामुळे टॅम्पॉन असतानाही लघवी करता येते. फक्त दोरा बाजूला धरावा.

दुसरा प्रश्न मुलींच्या आयांचा, "पडदा फाटेल का?" हा पडदा लवचिक असतो आणि प्रत्येकीचा वेगळा असतो. टॅम्पॉनने तो ताणला जाऊ शकतो, क्वचित थोडा फाटूही शकतो. पण त्यावरून मुलीचे चारित्र्य ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट सांगितले की तपासणी करून कौमार्य कळत नाही आणि अशी तपासणी बंद व्हायला हवी. तरीही ज्या मुलीला नको वाटते तिच्यावर जबरदस्ती करू नये. तिला पॅड आहेच.

आता वापरायचे कसे. पहिला प्रयोग बांधीवर नको. घरी, सवडीच्या दिवशी आणि रक्तस्राव चांगला सुरू असताना करा. कोरड्या दिवशी घातले तर दुखते. हात साबणाने धुवून पुसा. उकिडवे बसा किंवा एक पाय पाटावर ठेवा. दोरा ओढून पक्का आहे ना ते पाहा. मग अंग सैल सोडून गुंडाळी सरळ वर न ढकलता कमरेच्या मागच्या दिशेने, बोटाने हळूहळू आत सरकवा. नीट बसली की ती जाणवतही नाही. टोचत असेल तर ती पुरेशी आत गेलेली नाही. काढून टाका आणि नवी घ्या. काढताना दोरा हळू, खालच्या दिशेने ओढा. दोरा सापडला नाही तर घाबरू नका. उकिडवे बसून शौचाला करतो तसा जोर द्या आणि धुतलेल्या बोटाने शोधा. तरी निघाली नाही तर दवाखान्यात जा. डॉक्टर आणि नर्सला यात नवीन काही नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. टॅम्पॉन दर चार ते सहा तासांनी बदलायचे आणि आठ तासांच्या वर कधीच ठेवायचे नाही. सकाळी आठला घातले तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बदलायलाच हवे. याचे कारण सांगतो. १९८० साली अमेरिकेत टॅम्पॉन वापरणाऱ्या बऱ्याच बाया अचानक गंभीर आजारी पडल्या, काही दगावल्या. जास्त शोषणारे टॅम्पॉन वापरणाऱ्यांना धोका अधिक होता. एका प्रकारच्या जंतूचे विष रक्तात भिनल्याने हे होते. त्याला टॉक्सिक शॉक सिंड्रोम म्हणतात. हा आजार फार क्वचित होतो, पण झाला तर तासातासाला बिघडत जातो. म्हणून पाकिटावर थेंबांची खूण बघून आपल्याला पुरेल तेवढेच, लहानात लहान टॅम्पॉन घ्या. रात्री पॅड वापरा. टॅम्पॉन असताना अचानक जोराचा ताप, उलट्या, जुलाब, चक्कर, अंगावर उन्हाने भाजल्यासारखा लालपणा, यातले काही दिसले तर टॅम्पॉन लगेच काढा, १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात गेल्यावर "टॅम्पॉन घातले होते" असे आधी सांगा. लाजेने ते लपवले तर उपचाराला उशीर होतो.

म्हणूनच बांधीवर खरी अडचण हातांची आहे. चिखलाच्या हाताने टॅम्पॉन घालायचे नाही. चार-पाचजणींनी मिळून एक बाटली स्वच्छ पाणी, साबणाची वडी, कोरडा रुमाल आणि आडोशाला एक जुने लुगडे सोबत न्यावे. रोवणीचे काम ठरवताना मुकादमाशी दुपारच्या सुट्टीचेही बोलून घ्यावे. हे जमत नसेल तर टॅम्पॉन नकोच. त्यापेक्षा पॅड किंवा उन्हात वाळवलेली सुती घडी बरी.

बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत टॅम्पॉन वापरू नये. अंगावरून पांढरे जात असेल, वास येत असेल किंवा खाज असेल तर आधी आशाताईला दाखवा. पाळी नसताना टॅम्पॉन घालू नये. एकदा वापरलेले धुऊन परत वापरायचे नाही. संडासात टाकू नका, कागदात गुंडाळून खोल पुरा.

खर्चाचेही बोलू. जुलै २०१८ मध्ये सरकारने पॅड आणि टॅम्पॉनवरचा जीएसटी काढला, तरी टॅम्पॉन पॅडपेक्षा महागच पडते आणि गावच्या दुकानात सहसा मिळत नाही. त्याच वर्षी राज्यात अस्मिता योजना सुरू झाली, तेव्हा बचत गटाच्या बायांनीच गावोगाव पॅड विकले. जनऔषधी केंद्रात एक रुपयाला एक पॅड मिळते. म्हणजे टॅम्पॉन घेतलेच पाहिजे असे मुळीच नाही. रोवणीचे दोन-तीन जास्त त्रासाचे दिवस असतील तेवढ्यापुरते एखादीने वापरले तरी चालते.

त्या दिवशी बैठक संपताना त्या आई म्हणाल्या, "मी नाही घालणार, पण आता पोरीला भीती घालणार नाही." आम्हाला तेवढे पुरे वाटले. तुमच्या गटात हे वाचून दाखवा आणि मुलींनाही बसवा. आणि बायांनो, रोवणीत पाणी प्यायला विसरू नका.